उशिरा आणलं

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही — देवासमोर हात जोडले तेव्हाही मी ती शिताफीने वगळली. आता सांगते आहे म्हणून मी सुधारले असं समजू नका. आणि ऐकून झाल्यावर मान हलवत 'असं होतं हो, आपण माणसंच' असं म्हणणार असाल, तर इथेच थांबा. तसल्या समजूतदार लोकांचा मला फार राग येतो.

मी नर्स आहे. रोह्याच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं काढली — कुठला ते सांगत नाही, भिंतींचा काही दोष नव्हता — आणि आता पेणला असते. 'कडक सिस्टर' म्हणतात मला. मी वॉर्डात शिरले की खाटेवर टेकलेले नातेवाईक उठून उभे राहतात. नव्या मुली घाबरतात, डॉक्टरसुद्धा जपून बोलतात. हा कडकपणा आला कुठून, हे कुणी विचारत नाही. लोकांना वाटतं, शिस्त आहे बाईला.

मध्यंतरी मुंबईहून एक बाई आल्या होत्या. लहान मुलं दगावली की दवाखान्यातल्या माणसांनी ते दुःख कसं पेलायचं, हे शिकवायला. खुर्च्या गोल मांडल्या. प्रत्येकीने आपल्या मनात राहून गेलेल्या एका मुलाबद्दल बोलायचं, असं ठरलं. कोवळ्या मुली, भडाभडा बोलल्या आणि रडल्या. माझी पाळी आली. मी काय केलं? नोकरीच्या सुरुवातीचा, न्यूमोनियाने गेलेला एक मुलगा निवडला. लग्नाला जाताना कपाटातून साडी निवडावी, तसा निवडला. त्याच्यासाठी आम्ही सगळं केलं होतं, कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. योग्य जागी माझा आवाज कापला. तो खोटा नव्हता, पण त्या मुलासाठीही नव्हता. त्या बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, स्वतःला माफ करा. मी हात सोडवून घेतला. मनात म्हटलं, तुला काय ठाऊक, कुणाला माफी वाटत चालली आहेस?

तुम्हाला खरंच जाणून घ्यायचंय, आम्ही कसं पेलतो? चहा पितो. मूल गेलं, आईबाप ते घेऊन गाडीत बसले, की ड्युटीवरची सिस्टर चहा टाकते. आमच्या त्या दवाखान्यात मामा होते — वॉर्डबॉयला सगळे मामाच म्हणतात — ते तेवढ्यात ती खाट फिरवून ठेवायचे, डोक्याची बाजू पायाकडे. त्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि का करता असं कुणी विचारलंही नाही. मग आम्ही आतल्या खोलीत उभ्याउभ्या चहा प्यायचो, आणि कुणीतरी म्हणायचं, "उशिरा आणलं." दुसरं कुणीतरी "हं" करायचं. झालं, सुतक फिटलं. कप विसळायचे आणि कामाला लागायचं.

हे वाक्य खोटं नसतं हो. बहुतेक वेळा खरंच उशिरा आणलेलं असतं. आधी भगत, मग बाजारातला कुणी सुई टोचणारा भोंदू डॉक्टर, मग गाडी मिळत नाही, मग बाप घरी नाही. पण एक नियम होता, कुठे न लिहिलेला — ते वाक्य त्या खोलीच्या बाहेर न्यायचं नाही. आईच्या तोंडावर तर कधीच नाही. नव्या मुलींना हे मी स्वतः शिकवलं आहे. किती शहाणी होते बघा.

आता गुलाब. गुलाबबाई. खांब गावाच्या पुढे, डोंगराच्या अंगाला एक आदिवासी वाडी आहे, तिथली. शरीराने किडकिडीत, आवाज बारीक. नवरा लोकांच्या शेतावर मजुरीला. तिला एकच मुलगी होती तेव्हा — सपना, सात-आठ वर्षांची. लावणीचे दिवस होते. सकाळी ओपीडी चालू असताना ती पोरीला कडेवर घेऊन आली. एवढी मोठी मुलगी कडेवर — हे खरं तर मला तेव्हाच दिसायला हवं होतं. त्या दिवशी गर्दी होती, आणि...

थांबा. गर्दी नव्हती.

गर्दी होती असं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की ते आपोआप तोंडात येतं. लावणीच्या दिवसांत कुठली गर्दी? सगळे शेतात. बाकड्यावर चार-पाच माणसं असतील. डॉक्टर एकच, ते आत बाळंतपणात अडकले होते. म्हणजे बाहेर मीच. गुलाब म्हणाली, पहाटेपासून पोटात दुखतंय, ओकतेय, आणि डोळं उघडत नाय. मी पोरीकडे बघितलं. अंगावर धुतलेला, पिवळा फ्रॉक. केस बसवलेले. आणि माझ्या मनाने हिशेब केला — पोर एवढी आजारी असती, तर हिला नटवायला सुचलं असतं का? काहीबाही खाल्लं असेल. रात्रभर जागली असेल, म्हणून डोळे मिटतायत. मी एक पोटदुखीची गोळी दिली, पाणी दिलं आणि बाकड्यावर बसायला सांगितलं.

पावसाळ्यात, जमिनीवर झोपणारं मूल, पहाटे पोटात दुखतं, ओकारी होते, पापण्या जड होतात — तर अंगावर दाताची खूण दिसो न दिसो, सूज असो नसो, आधी मण्यार साप चावलाय असं धरून चाला. मण्यार झोपेत चावते आणि खूण ठेवत नाही. हे मला ठाऊक नव्हतं का? अहो, हे मी त्याच महिन्यात शिकाऊ मुलींना फळ्यापुढे उभं राहून शिकवलं होतं. फ्रिजमध्ये सापाच्या विषावरची लस होती. चावी माझ्या कमरेला होती.

गुलाब पुन्हा आली, म्हणाली पोर बोलत नाय. मी म्हटलं, झोपू दे तिला. मग कोलाडच्या एका हॉटेलवाल्याचा मुलगा आला, बोट कापलं म्हणून. त्याला मी आधी घेतलं. त्याचा बाप मला 'मॅडम' म्हणाला होता. मी ते बोट धुतलं, पट्टी बांधली, पुन्हा कसं धुवायचं तेही सांगितलं. गुलाब तिसऱ्यांदा दाराशी आली. मी तिच्याकडे न बघता म्हणाले — आणि हा आवाज मला अजून ऐकू येतो, वरच्या पट्टीतला, माझाच — "लाइनीत बस म्हटलं ना तुला? कळत नाय काय?"

ती बसली. वाडीवरची माणसं बसतात. म्हणूनच मी तसं बोलू शकले. तिच्या जागी पेणच्या कुणा मास्तरांची बायको असती, तर मी त्या सुरात बोलले असते का? नसते. बाळंतपण करत असलेल्या डॉक्टरांना हाक मारली असती का? मारली असती. हे पुरेसं आहे की आणखी उलगडून सांगू?

त्यानंतर बाकड्यावरून जो आवाज आला, तो गुलाबचा. मी धावले तेव्हा पोरीची छाती हलत नव्हती. टेबलावर घेतलं, रबरी पिशवी दाबून श्वास द्यायला लागले. डॉक्टर रक्ताच्या ग्लोव्हजनिशी आले. त्यांनी अंगठ्याने पापणी वर केली, ती तशीच पडली. त्यांच्या तोंडून एकच शब्द आला — मण्यार. आणि त्यांनी मला विचारलं, "कधी आली ही?"

मी म्हणाले, "आत्ताच, सर."

बघा, किती सहज आलं. विचार करावा लागला नाही. केसपेपरही काढलेला नव्हता, मग काय अडचण? आम्ही सगळं केलं, लस लावली, मामा धावत होते, अलिबागच्या मोठ्या दवाखान्यात फोन लागला होता, गाडी दारात उभी होती. पोर गाडीपर्यंत पोचली नाही. डॉक्टर वयाने पोरसवदा होते. ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि स्वतःशीच म्हणाले, उशिरा आणलं हो, सिस्टर, फार उशिरा आणलं. त्यांना ते वाक्य माझ्याकडून मिळालं होतं. मी "हं" केलं.

तेवढ्यावर थांबले असते तर ती फक्त भित्रेपणाची गोष्ट झाली असती. भित्री माणसं जगात खंडीभर आहेत. पण मी बाहेर गेले. गुलाब खाली बसली होती, पोरीचं डोकं मांडीवर. रडत नव्हती. हॉटेलवाला अजून तिथेच होता, आणखी दोघं-तिघं होते, आणि ते सगळे माझ्याकडे बघत होते — निदान मला तसं वाटलं. त्यांनी ऐकलं होतं ना, मी तिला काय बोलले ते? मग माझं तोंड सुटलं. एवढा उशीर का केलास, आधी भगताकडे नेली असशील, तुम्हा लोकांना किती वेळा सांगायचं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच. तिने भगताकडे नेलंच नव्हतं. पोर पहाटे कण्हली, तशी ती वाडीवरून निघाली होती, चालत रस्त्यापर्यंत आणि तिथून टेंपोत. हे ती मला आल्याआल्याच सांगून चुकली होती.

तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी सुटले असते. तिने नुसतं विचारलं, "उशीर झाला का बाई मला?"

प्रश्न होता तो. टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि सांगू शकेल असं तिथे एकच माणूस होतं.

मी म्हणाले, "हो. वेळेवर आणली असतीस तर वाचली असती."

चहा त्या दिवशीही झाला. मामा बाहेर जाऊन बाकड्यापाशी घुटमळले. ते बाकडं भिंतीला ठोकलेलं होतं, फिरवता येत नव्हतं. शेवटी त्यांनी ते नुसतं पुसलं. मामांनी सगळं पाहिलं होतं का? मी कधी विचारलं नाही, ते कधी बोलले नाहीत. निवृत्त होईपर्यंत ते माझ्या हातचा चहा मात्र प्यायले नाहीत.

तुम्ही म्हणाल, त्या बाईला कळलं कसं नाही? बाकड्यावर किती वेळ बसली होती, हे तिला ठाऊक नव्हतं का? होतं. पण तो वेळ तिने धरलाच नाही. दवाखान्याचा उंबरा ओलांडला की पोर आपल्या हातून डॉक्टरांच्या हातात गेली, आता उशीर संपला — अशी तिची समजूत होती. तिने शोधला तो उशीर उंबऱ्याच्या अलीकडचा.

आणि मग ती बदलली. वाडीत कुणाचं पोर शिंकलं तरी ती त्याच्या आईला उठवून दवाखान्यात आणायला लागली. भगताच्या दारात जाऊन भांडली. बायकांना सांगायची, गो, मी उशीर केला, तुमी नका करू. गावोगाव फिरणारी आमची आशाताई मला कौतुकाने सांगायची, शंभर वेळा बोलून आमचं कुणी ऐकत नव्हतं, ते गुलाबमुळे झालं. त्या वाडीतली पोरं त्यानंतर वेळेवर यायला लागली. वाचलीही असतील काही. मग? 'वाईटातून चांगलं झालं' असं म्हणण्याचा मोह होतोय ना? मलाही झाला. कित्येक वर्षं मी त्याच उशीवर डोकं ठेवून झोपले. पण ती पोरं गुलाबने वाचवली. माझा त्यात वाटा नाही.

मला तिचा राग यायचा. खरं सांगते, दुःख नव्हे — राग. ती ओपीडीत दिसली की माझ्या कपाळाची शीर उडायची. ही का विश्वास ठेवते? एकदा तरी ओरडत का नाही माझ्यावर? कुणी दगड मारला तर निदान आपणही आवाज चढवू शकतो. ही मात्र नमस्कार करायची. तो राग मी कुणावर काढला? शिकाऊ मुलींवर, उशिरा आलेल्या आयांवर, वेळेवर आलेल्या आयांवरही. एकदा वॉर्डातलं एक मूल गेल्यावर एक नवी नर्स पॅसेजमध्ये रडत बसली, तर मी तिला म्हटलं, हे नाटक घरी कर. तिने वर्षाच्या आत नोकरी सोडली. तीही माझ्याच नावावर.

पेणला बदली झाली तेव्हा वाटलं, सुटले. पण गुलाब पेणजवळच्या जोह्याला एका गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायच्या कामाला यायला लागली. हंगामात तिकडेच राहते, दुसऱ्या मुलीला घेऊन. मी पेणला आहे हे कळल्यावर जूनच्या सुरुवातीला माझ्या दारात उभी. हातात शेवळांची जुडी, पावसाच्या तोंडावर येणारी रानभाजी, आणि सोबत काकडं, आंबट रानफळं, पानात बांधलेली. शेवळं काकडांशिवाय शिजवली तर घसा खाजतो, म्हणून तीही आठवणीने आणली होती. पैसे घेईना. म्हणाली, तुमी मला खरं सांगितलंत, बाकी कोन सांगतं आमाला?

मी ती जुडी घेतली. फेकून दिली असेल असं वाटतंय? नाही. निवडली, शिजवली, वाढली. नवरा कंपनीतून शिफ्ट संपवून आला होता, दोनदा मागून घेऊन जेवला. मीही खाल्ली. घास अडकतो वगैरे पुस्तकात असतं. चांगली झाली होती भाजी.

ती आता दरवर्षी आणते.

यंदा पेणला बालआरोग्याचा एक कार्यक्रम झाला. मंडपात दोनशे-अडीचशे बायका. आशाताईंनी गुलाबला बोलवून घेतलं होतं. मी व्यासपीठावर. माईक तिच्या तोंडासमोर धरला, तेव्हा आधी ती घाबरली, मग नेहमीचं बोलली — माजी सपना माज्या उशिरानं गेली, ह्या सिस्टरनी मला तोंडावर सांगितलं, म्हनून मी शिकली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावरचे आमच्या खात्याचे साहेब मला म्हणाले, शाल तुमच्याच हस्ते होऊ द्या. मी उठले. शाल घातली, नारळ दिला. फोटो निघाला. फोटोत मी हसते आहे. तुम्ही बघाल तर म्हणाल, किती मायाळू चेहरा.

कार्यक्रम संपल्यावर ती मंडपामागे माझी वाट बघत होती. खांद्यावर शाल तशीच, धाकट्या मुलीचा हात घट्ट धरलेला. बायका चहाकडे गेल्या होत्या. तिने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "सिस्टर, एक इचारू? किती उशीर झाला व्हता मला? थोडाच, का जास्ती?"

इतकी वर्षं ती हा प्रश्न घेऊन फिरत होती. मी समोर उभी होते. कुणी ऐकत नव्हतं. नोकरीला आता थोडीच वर्षं राहिलीत, मला कुणी काय करणार होतं? सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलं, आणि त्यातून जे बाहेर पडलं, ते मला त्या क्षणी दयेचंसुद्धा वाटलं.

मी म्हणाले, "थोडाच गो."

तिने मान हलवली, मापात माप बसल्यासारखी. मग म्हणाली, "तिचा फ्राक बदलला व्हता मी. ओकारीनं भरलावता. दवाखान्यात तसं कसं न्यायचं, तुमी लोक काय म्हनाल, म्हनून धुतलेला घातला, केस बसवले. तेवढाच येळ गेला, बाई. दुसरा कुठं नाय गेला."

आणि ती जोह्याची एसटी पकडायला गेली.

ती मुलगी वाचलीच असती असं मी म्हणणार नाही. ते मला माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच — आली तेव्हा ती पापण्या वर करायचा प्रयत्न करत होती, आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती, लस माझ्या मागच्या फ्रिजमध्ये होती आणि चावी माझ्या कमरेला. फ्रॉक बदलायला लागतो तेवढाही उशीर गुलाबला झाला नव्हता. तिने पोरीला माझ्यासाठी स्वच्छ केलं होतं. मी तो पिवळा फ्रॉक बघितला आणि तिला लाइनीत बसवलं.

गुलाब वेळेवर आली होती. हे मी तुम्हाला सांगितलं. तिला नाही.